कोन्सूबायची करवंटी

फार वर्षांपूर्वी, तिवरपाड्याच्या देवळाला अजून घंटा नव्हती आणि मिस्साच्या प्रार्थनेची वेळ झाली की पोरं काशाची थाळी बडवत गावातून पळायची, तेव्हाची ही गोष्ट. सांगणारे ती वेगवेगळी सांगतात. कोणी म्हणतं तेव्हा फिरंग्यांचं राज्य होतं, कोणी म्हणतं ते नुकतंच गेलं होतं. वर्ष कोणालाच सांगता येत नाही. पण बांध होता आणि उघाडी होती, यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि गोष्टीला तेवढं पुरतं.

बांध म्हणजे मातीची लांबच लांब भिंत. तिच्या आत गाव आणि भाताची शेतं, बाहेर चिखल, तिवरांचं रान आणि खाडी. या बांधाला एक दार होतं. जाड फळ्या जोडून केलेला एक पल्ला, दोन दगडी खांबांच्या खाचेत वरखाली सरकणारा. त्यालाच उघाडी म्हणत. ओहोटी लागली की पल्ला उचलायचा, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती लागायच्या आत पल्ला टाकायचा, म्हणजे समुद्र शेतात येत नाही. काम एवढंच. पण ते चुकलं तर उभं भात जातं, आणि खार जमिनीत मुरला तर पुढची काही वर्षंही जातात.

उघाडीचा राखणदार होता इनास. त्याचा बाप राखणदार होता आणि बापाचा बापही. पल्ला इतका जड की दोन गड्यांना हलत नसे, पण पहार कुठे घालायची आणि अंग कुठे टाकायचं हे इनासला ठाऊक होतं, त्यामुळे तो एकटा उचलायचा. मरताना बापाने त्याला एकच गोष्ट सांगितली होती असं म्हणतात. "पोरा, दार नुसतं अडवायला नसतं. साचलेलं सोडायलाही असतं. जो सोडायचं विसरतो त्याचं आतल्या आत कुजतं." इनासने मान हलवली होती. बाप शेताबद्दल बोलतोय असं त्याला वाटलं.

राखणदाराला पगार नव्हता, मान होता. पावसाळा सरून भात पिकलं की गावात आगेरा असायचा. नव्या भाताची पहिली पेंढी कापायची, वाजतगाजत देवळात न्यायची आणि देवासमोर ठेवून मगच गावाने कापणीला लागायचं. ही पहिली पेंढी राखणदाराच्या शेतातून घेत. इनास ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन पुढे चालायचा. वर्षभर चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाचा तो एक दिवस होता.

एका वर्षी मात्र पाऊस उशिरा हटला आणि आगेऱ्याच्या दिवशी इनासचं भात हिरवंच राहिलं. संबंध गावात एकच शेत पिकून वाकलं होतं. ते होतं कोन्सूबायचं. ही विधवा बाई, नवरा खाडीत गेलेला, पदरात नातली नावाची लहान मुलगी. तिचं शेत सगळ्यात खोलगट, अगदी उघाडीला लागून. कोणी विकत घेणार नाही असं शेत.

पेद्रू मुकादम गावाचा कारभारी होता. तो शेतं बघून आला आणि म्हणाला, "पेंढी कोन्सूबायची घ्या. देवाला हिरवं गवत दाखवायचं काय?"

इनास म्हणाला, "दोन आठवडे थांबू."

"अरे, तुझ्या भातात अजून दूध भरतंय, इनासभाव. तुझी पेंढी आपण नाताळच्या गोठ्यात अंथरू. बाळ येशूला मऊ लागेल."

लोक हसले. मुकादमाने ते मनात काही ठेवून म्हटलं नव्हतं, आणि हसणारेही दुसऱ्या क्षणी विसरले. एकटी कोन्सूबाय हसली नाही. ती इनासकडे येऊन म्हणाली, "इनासभाव, पेंढी माझी असली तरी खांदा तुमचाच. तुम्हीच घ्या." तो "बघू" म्हणाला आणि मिरवणुकीत मागे राहिला. पेंढी शेवटी नातलीने डोक्यावर नेली.

जेवणं चालू असताना इनास पानावरून उठला. "भरती लागेल, फळ्या बघून येतो," असं म्हणून तो बांधावर गेला. पल्ला खालीच होता, सकाळी त्यानेच टाकला होता. त्याने पहार घातली, पल्ला वीतभर उचलला आणि खाली एक दगड सरकवला.

त्याचा हिशेब असा होता. आज भांग आहे, म्हणजे भरती थोडी. वीतभर फटीतून येईल ते पाणी कोन्सूबायच्या खोलगट शेतात साचेल आणि तिथेच थांबेल. तिचं उरलेलं भात खारेल. लोक म्हणतील, देवाला ती पेंढी आवडली नाही. तेवढं झालं की पुढच्या वर्षी पेंढी पुन्हा त्याच्या खांद्यावर. समुद्राला तो लहानपणापासून ओळखत होता आणि वीतभर समुद्र आपण हातात धरू शकतो असं त्याला वाटलं. पण दुपारी वारा फिरला होता. पश्चिमेचा वारा सुटला की भांगेचीही भरती चढते, हे खाडीवरच्या पोरालाही कळतं. इनासने वारा पाहिलाच नाही. रागावलेला माणूस खाली बघतो, वर बघत नाही.

तो पानावर परतला तेव्हा पापड अजून गरम होते असं म्हणतात. जेवण उरकेपर्यंत उघाडीकडून मोठा आवाज झाला. पाण्याने पल्ला खाचेसकट उखडला होता. दिवस मावळायच्या आत बांधाच्या आत आणि बांधाच्या बाहेर सारखाच समुद्र दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी गाव खुरसापाशी जमलं. चौकातला तो दगडी क्रूस, त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही असा रिवाज होता. पेद्रू मुकादमाने विचारलं, "इनास, पल्ला टाकला होतास?"

"माझ्या हातांनी टाकला होता."

"मग पाणी कसं आलं?"

इनासने मान वर केली नाही. "आधी कोन्सूबायच्या शेतात आलं. एवढंच मला दिसलं."

खुरसासमोर तो एकही शब्द खोटा बोलला नाही. सैतान खोट्याने फसवतो असं आपण धरून चालतो. तिवरपाड्याचे म्हातारे सांगतात की खरं अर्ध्यावर तोडून दिलं की त्याचं काम अधिक सोपं होतं.

लोकांनी उरलेलं अर्धं स्वतः भरलं. विधवेची पेंढी देवापुढे ठेवली तेव्हाच मी म्हणत होतो, असं ज्याने काहीच म्हटलं नव्हतं तो म्हणू लागला. कोन्सूबाय म्हणाली, "अरे, तो पल्ला दोन गड्यांना हलत नाही. मी उचलला?"

"तेच," मुकादम म्हणाला. "दोन गड्यांना हलत नाही तो एका बाईने हलवला. म्हणजे बाईत काय शिरलंय ते बघा."

काहींनी मान हलवली, काहींनी नुसती खाली घातली. पाद्री महिन्यातून एकदा होडीने यायचे, आणि ते येईपर्यंत निकाल लागून गेला होता. कोन्सूबायने मुलीला घेऊन बांधाबाहेर राहायचं. देवळाच्या विहिरीला हात लावायचा नाही. गावातल्या कोणी तिला पाणी द्यायचं नाही. पाद्रीबाबांनी पुढे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "गावाने पुन्हा विचार करावा." गाव गप्प बसलं, ओहोटी लागली, होडी सुटायची वेळ झाली.

बांधाबाहेर तिवरांच्या पलीकडे वाळूचा एक उंचवटा होता. तिथे कोन्सूबायने झावळ्यांचं झाप टाकलं. चहूकडे पाणी आणि पिण्यासारखं थेंबभर नाही. तिने हातांनी वाळू उकरली, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी तळाशी पाझरू लागलं. पहाटे पाहावं तर त्या झिऱ्यात एक करवंटी पाणी जमलेलं असायचं. एकच करवंटी. ती उपसली की झिरा दुसऱ्या पहाटेपर्यंत कोरडा.

गावाने उघाडी पुन्हा बांधली आणि इनास पुन्हा बांधावर उभा राहू लागला. तिथून त्याला दोन्ही बाजू दिसत. आत पांढरी पडलेली शेतं, बाहेर ते झाप. नातली रोज बांधाच्या पायथ्याशी यायची. तिला वर चढायला मनाई होती, म्हणून ती खालूनच बोलायची.

"इनासमामा, तुझ्या घागरीत पाणी आहे?"

तो खाडीकडे बघायचा.

"प्यायला नको देऊ. तू घागर धुतोस ना, ते पाणी इकडे ओत. मी खाली उभी राहीन. मग ते दिलं असं होत नाही."

पोरीने बराच विचार करून ही वाट काढली होती. इनासला ती ऐकू आली. घरी गेल्यावरही ऐकू यायची. आपण घागर कलंडली तर लोक विचारतील, इनासला एवढा कळवळा का, आणि मग एका प्रश्नातून दुसरा निघेल, असं त्याला वाटायचं. तो धुवायचं पाणी बांधाच्या आतल्या बाजूला ओतायचा.

मग उन्हाळा आला आणि करवंटी अर्धीच भरू लागली. कोन्सूबाय ती सगळी पोरीला द्यायची आणि स्वतः तिवराची पानं चघळायची. एके दिवशी आई खेकडे धरायला गेली असताना नातलीला तहान सोसेना. ती खाजणातल्या डबक्यातलं पाणी ओंजळीने प्यायली, आणि त्याने तहान वाढली म्हणून आणखी प्यायली. दोन दिवसांत पोर गेली. कोन्सूबायने तिला उंचवट्यावरच पुरलं आणि तिवराच्या दोन काटक्या बांधून वर क्रूस रोवला. इनास बांधावरून बघत होता. ऊन होतं, त्याचा घसा सुकला होता. त्याने घागर तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. पाणी खारट होतं.

इथून पुढचं जे आहे ते पटायला कठीण आहे. पण तिवरपाड्यात ते असंच सांगतात.

इनासला वाटलं घागर खराब झाली. त्याने घागर बदलली. विहिरीवर जाऊन पोहऱ्यातून प्यायला, खारट. बायकोने, सेसिलने, तेच पाणी पिऊन पाहिलं आणि म्हणाली, "गोड आहे की. तुमच्या जिभेला काय झालंय?" ताडी खारट, पेज खारट, फळांचा रस खारट. काही दिवस ताडगोळे तेवढे गोड लागले, म्हणून तो ताडगोळ्यांवर राहिला. मग तेही खारट झाले. जे पोटात जाई ते उलटून पडे. दर उधाणाला त्याच्या तोंडातून खाडीचं पाणी येऊ लागलं, आणि एकदा त्या पाण्यात जिवंत कोलंबी होती असं म्हणतात. तो चालला की पावलांचे ठसे पांढरे उमटत, आणि गावच्या गाई ते ठसे चाटत त्याच्या मागून फिरत. देवळात शिरताना त्याने पवित्र पाण्यात बोटं बुडवली, तर दुसऱ्या दिवशी त्या दगडी भांड्यात पाण्याऐवजी मिठाचा खडा होता.

"समुद्राने धरलंय त्याला," लोक म्हणू लागले. आणि कोणीतरी म्हणालं, "तिने लावलंय. पोर गेली ना तिची."

सेसिलने खाडीपलीकडून भगत आणला. भगताने लिंबं कापली, त्यांतून मीठ सांडलं, तो आपली पिशवी उचलून निघून गेला. मग पाद्रीबाबा आले. त्यांनी गळ्यात विधीचा पट्टा घातला, पुस्तक उघडलं, इनासच्या कपाळावर हात ठेवला. भूत काढताना आधी त्याचं नाव विचारतात. नाव सांगावंच लागलं की त्याला राहता येत नाही.

"ह्याच्यात कोण आहेस? नाव सांग."

इनासने दात आवळले. नाव त्याला माहीत होतं. ते त्याचंच होतं.

पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. अंगण भरून लोक बघत होते. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. लोकांना म्हणाले, "घरी जा. बाहेरून आलेलं असतं तर निघालं असतं. हे आत साचलेलं आहे." त्यांना याहून जास्त काही कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. पण इनासला बाप आठवला.

तो रात्रभर जागा होता, आणि दिवस वर आल्यावर ओहोटी बघून उठला. सेसिल म्हणाली, "कुठे निघालात? उभं राहवत नाही तुम्हाला." त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. तो बांध ओलांडून बाहेर उतरला. गाई बांधापर्यंत आल्या आणि थांबल्या.

कोन्सूबाय झापासमोर बसली होती. पहाटे उपसलेली करवंटी शेजारी होती, झाकलेली, दिवसभर पुरवायची. त्याला बघून ती उठली नाही.

"काय, इनासभाव? मी समुद्र लावलाय तुम्हाला, असं म्हणतात ना गावात? काढून घ्यायला आलात?"

त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओठ फुटले होते, त्यांतून रक्त येत होतं. तो गुडघ्यांवर बसला, हाताने काही खुणा करू लागला. कोन्सूबाय बघत राहिली. मग तिने करवंटीवरचं पान काढलं.

"आधी पी. बोल मग."

त्याने मान हलवली. नको. सांगायच्या आधी पाणी घेतलं तर तीही चोरीच, हे त्याला कळत होतं. पण पाणी घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. तिने त्याची मान धरली आणि करवंटी ओठांना लावली. अर्धं पाणी आत गेलं. ते खारट होतं, खाडीहून खारट. पण जीभ सुटली.

मग इनासने सगळं सांगितलं. पेंढी, हसणारे लोक, पहार, दगड. खुरसासमोर काय बोलला आणि काय गिळलं. नातली खाली उभी राहायची ते. घागर कोणत्या बाजूला ओतली ते. सांगताना तो रडला नाही. रडायला अंगात पाणी नव्हतं.

कोन्सूबायने ऐकून घेतलं. मग तिने उरलेल्या पाण्यासकट करवंटी उचलली, त्याच्या डोळ्यांसमोर धरली, आणि वाळूवर ओतून टाकली. वाळूने ते लगेच पिऊन टाकलं.

ती उठून नातलीच्या क्रुसापाशी गेली. तिथे ती काय म्हणाली हे कोणी ऐकलं नाही. ओरडली, एवढं गाईंमागून बांधावर जमलेल्या लोकांना ऐकू आलं. काही म्हणतात तिने इनासला शाप दिले, काही म्हणतात देवाला. दोन्ही असतील. इनास जिथे होता तिथेच बसून राहिला. पळून जावं असं त्याच्या मनात आलं नाही. मागायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने मागितलंही नाही. लहानपणी शिकलेल्या प्रार्थनेतलं एकच वाक्य त्याच्या ओठांवर होतं, वाईटापासून सोडव, बापा. आणि आयुष्यात प्रथमच त्याला कळत होतं की वाईट म्हणजे कोण.

पुष्कळ वेळाने ती परतली. येताना तिची नजर झिऱ्यात गेली आणि ती थांबली. पहाटे उपसलेला झिरा. दुसऱ्या पहाटेपर्यंत कधीच न पाझरणारा. त्यात पाणी होतं. खालून बुडबुडे येत होते, वाळूचे कण वर उडत होते.

ती कडेला बसली. तिचा हात करवंटीकडे जाऊन परत आला, पुन्हा गेला. शेवटी तिने करवंटी बुडवली आणि ती इनाससमोर ठेवली. हातात दिली नाही, खाली ठेवली.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे होतं ते मी ओतून टाकलं, तू बघितलंस. माझ्यात तुझ्यासाठी काही नाही, इनास. हे ज्याचं आहे त्याने पाठवलंय. का पाठवलं ते त्यालाच विचार. पी."

इनास प्यायला. पाणी गोड होतं.

तेव्हा मात्र तो रडला. अश्रू ओठांवर आले, आणि अश्रू खारट असतात हे त्याला नव्याने कळलं असं म्हणतात. खारट असायला हवं तेच खारट उरलं होतं.

त्याच दुपारी त्याने खुरसासमोर उभं राहून तेच सगळं गावाला सांगितलं. लोक त्याच्या अंगावर धावून गेले. पेद्रू मुकादमाने काठी उगारली. "पोर मारलीस तू. तिला तहानेने मारलीस."

"मी मारली," इनास म्हणाला. "पाण्याला मनाई कोणी केली, ते तुम्ही सांगा."

काठी खाली आली, पण इनासवर पडली नाही. लोक पांगले, घरी गेले, हातपाय धुऊन पाणी प्यायला बसले. आणि घराघरांतून थुंकल्याचे आवाज आले. ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी खुरसापाशी मान हलवली होती, आणि ज्यांनी नुसती खाली घातली होती, त्या सगळ्यांना देवळाच्या विहिरीचं पाणी खारट लागू लागलं. पोरांना मात्र गोड लागत होतं. पोरं पाणी पीत आयाबापांच्या तोंडाकडे बघत होती.

इनास परत बांधावर जाऊन उभा राहिला. एकेक जण येऊ लागला. तो प्रत्येकाला हात देऊन पलीकडे उतरवायचा, काही विचारायचा नाही. कोन्सूबाय प्रत्येकाला आधी अर्धी करवंटी द्यायची, मग म्हणायची, "बोल." कोणी लांबण लावलं, कोणी दोन शब्दांत सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "मी काहीच केलं नाही गो, मी नुसती उभी होते," आणि तेच सांगायचं होतं हे तिला बोलल्यावर कळलं. ऐकून झालं की कोन्सूबाय उरलेलं पाणी वाळूवर ओतायची, झिऱ्यात करवंटी बुडवायची आणि नवं पाणी समोर ठेवायची. झिरा आटला नाही.

पेद्रू मुकादम सगळ्यांत शेवटी आला, सुकून काठीसारखा झालेला. त्याने सगळं सांगितलं. बाईत काय शिरलंय ते बघा, हे आपण म्हटल्याचंही सांगितलं. कोन्सूबायने त्याचं उरलेलं पाणी ओतून टाकलं आणि रिकामी करवंटी हातात धरून बसली. झिरा भरलेला होता. तिचा हात गेला नाही.

"आज जमत नाही," ती म्हणाली. "उद्या ये."

तो उद्या आला. "आज पण नाही." तो पुन्हा आला. मुकादमाने आयुष्यात कोणाच्या दारात असं उभं राहून पाहिलं नव्हतं. कितव्या खेपेला त्याला पाणी मिळालं यावर तिवरपाड्यात अजून वाद आहेत. मिळालं, यावर नाहीत.

कोन्सूबायला गावात परत यायला सांगितलं, पण ती आली नाही. लेक इथे आहे, म्हणाली. मग गावानेच तिच्यापर्यंत वाट बांधली, झिऱ्याला दगड लावून विहीर केली, आणि तीत कधी खार उतरला नाही. इनासने उघाडी म्हातारपणापर्यंत राखली. रोज बांधावरून जाताना तो एक घागर बाहेरच्या अंगाला रिकामी करायचा. तिथे आता उंबराचं झाड आहे. ते आधीपासूनच होतं असंही काही जण म्हणतात.

तिवरपाड्यात अजूनही आगेऱ्याची पहिली पेंढी सगळ्यांत खोलगट शेतातून घेतात, आणि ती एक लहान मुलगी डोक्यावर नेते. ओहोटीला पल्ला उचलणारा माणूस आधी वर बघतो, वारा कुठला आहे ते, आणि "वाईटापासून सोडव" म्हणून मग पहारीला हात लावतो. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यासाठी आणि नवरीसाठी पाणी आणायला बायका वाजतगाजत कोन्सूबायच्या झिऱ्यावरच जातात.

आणि ज्यांचं आपसांत फाटलं आहे ते आगेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जातात. पाद्री लागत नाही, पंच लागत नाहीत. ज्याने दुखावलं त्याला अर्धी करवंटी मिळते, मग तो बोलतो. ज्याला दुखावलं तो उरलेलं पाणी ओतून टाकतो. ओतायचं नसलं तरी ओततो, कारण आपलं म्हणून जे आहे ते आधी संपलं पाहिजे. मग तो विहिरीतून नवं काढतो आणि समोर ठेवतो.

सगळ्यांनाच ते जमतं असं नाही. काही जण ओततात आणि तिथेच थांबतात. त्यांना कोणी नावं ठेवत नाही. ते "उद्या ये" म्हणतात आणि रिकामी करवंटी विहिरीच्या काठावर उताणी ठेवून घरी जातात. कधीही गेलात तर काठावर अशा एकदोन करवंट्या असतातच. कोणी त्यांना हात लावत नाही.

सकाळी त्यांत थोडं पाणी साचलेलं असतं. दव असेल. खाडीवरून येणारा वारा ओला असतो, तेव्हा तेच असणार. मात्र त्या वाऱ्याने भिजलेलं तिथलं पान चाखलं तर खारट लागतं, दगड चाखला तर खारट लागतो. करवंटीतलं पाणी ज्यांनी ज्यांनी चाखून पाहिलं आहे, ते सांगतात की ते गोड असतं.